प्रशिक्षकाची आक्रमण पद्धती आणि खेळाडूची अनुरूपता : डेव्हिडसन महाविद्यालयातील स्टीफन करी – एक अभ्यास

प्रस्तावना :

गुणवान खेळाडू आणि जाणकार प्रशिक्षक एकत्र आले की सांघिक खेळात यश आपोआप मिळते, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु खेळाडूची कौशल्ये आणि प्रशिक्षकाने स्वीकारलेली पद्धती यांचा मेळ बसला नाही तर दोघांचेही सामर्थ्य वाया जाते. महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये हा प्रश्न अधिक तीव्र असतो. खेळाडू फार तर चार हंगाम संघात राहतो, प्रशिक्षकाची पद्धती मात्र वर्षानुवर्षे चालत असते. अशा वेळी पद्धतीने खेळाडूसाठी बदलावे की खेळाडूने पद्धतीसाठी, हा प्रश्न उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील डेव्हिडसन महाविद्यालयाचे प्रशिक्षक बॉब मॅकिलॉप आणि त्यांचा खेळाडू स्टीफन करी यांच्या २००६ ते २००९ या तीन हंगामांच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

आक्रमण पद्धतीचे स्वरूप :

बास्केटबॉलमधील आक्रमणाचे स्थूलमानाने दोन प्रकार मानता येतात. पहिल्या प्रकारात प्रत्येक खेळाडूचा मार्ग आधीच ठरलेला असतो. कोणी कोठून कोठे धावायचे आणि चेंडू कोणाकडे द्यायचा हे प्रशिक्षक निश्चित करतो. दुसरा प्रकार 'मोशन' आक्रमणाचा होय. यात मार्ग ठरलेले नसतात, नियम ठरलेले असतात. पास दिल्यावर उभे राहायचे नाही, सहकाऱ्यांमध्ये योग्य अंतर राखायचे, चेंडू हाती नसलेल्या सहकाऱ्यासाठी स्क्रीन लावायची, असे ते नियम होत. स्क्रीन लावणे म्हणजे बचावपटूच्या वाटेत स्थिर उभे राहून आपल्या सहकाऱ्याला त्याच्यापासून क्षणभर मोकळे करणे.

या पद्धतीत खरे कौशल्य वाचनाचे असते. स्क्रीनजवळून धावणाऱ्या खेळाडूने बचावपटूची हालचाल पाहून निर्णय घ्यायचा असतो. बचावपटू मागून पाठलाग करीत असेल तर स्क्रीनला वळसा घालून बास्केटकडे जावे. तो स्क्रीनच्या पलीकडून आडवाटेने पुढे येत असेल तर मागे सरकून बाहेरून फेक करावी. तो चेंडूचा मार्ग अडवण्यासाठी फार पुढे आला असेल तर त्याच्या पाठीमागून बास्केटकडे धाव घ्यावी. अर्थात पास देणाऱ्या सहकाऱ्यालाही तेच वाचन त्याच क्षणी करता आले पाहिजे. मॅकिलॉप यांनी १९८९ पासून २०२२ पर्यंत डेव्हिडसनचे प्रशिक्षकपद सांभाळले. त्यांची आक्रमण पद्धती प्रामुख्याने याच दुसऱ्या प्रकारातील होती. विश्वास, बांधिलकी आणि परस्परांविषयी आस्था ही त्यांच्या संघाची त्रिसूत्री होती.

खेळाडूची वैशिष्ट्ये :

करी हा शालेय वयात शरीराने सडपातळ होता. त्याचे वडील डेल करी हे व्यावसायिक बास्केटबॉलमधील नामवंत फेकपटू होते. तरीही मोठ्या परिषदांतील विद्यापीठांनी त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नाही. अंगबळावर बचावपटूला हटवून स्वतःसाठी जागा निर्माण करणे हे त्याचे सामर्थ्य नव्हते. चेंडू हाती येताच अचूक व जलद फेक करणे आणि न थकता धावणे हे त्याचे सामर्थ्य होते. ताकदीवर आधारलेल्या पद्धतीत त्याचे शरीर उणे ठरले असते. मोशन पद्धतीत जागा निर्माण करण्याचे काम सहकाऱ्यांच्या स्क्रीन करीत असत. त्यातून मिळणारा अल्पसा मोकळा क्षण करीला पुरेसा होता.

ही अनुरूपता पहिल्याच दिवशी दिसली असे मात्र नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये ईस्टर्न मिशिगनविरुद्धच्या पहिल्या सामन्यात करीने १३ वेळा चेंडू गमावला. मॅकिलॉप यांनी त्याच्यावरील विश्वास कायम ठेवला. मिशिगनविरुद्धच्या पुढील सामन्यात त्याने ३२ गुण नोंदवले. त्या हंगामात त्याची सरासरी २१.५ गुणांची राहिली.

परस्परपूरकता :

२००७-०८ च्या हंगामात या मेळाचे पूर्ण रूप दिसून आले. पहिल्या दहा सामन्यांपैकी सहा गमावल्यानंतर संघाने सलग २५ सामने जिंकले. करीने प्रति सामना २५.९ गुण मिळवले आणि हंगामात १६२ थ्री पॉइंटर नोंदवून त्या वेळचा राष्ट्रीय महाविद्यालयीन विक्रम केला. परंतु याच हंगामात प्रति सामना ८.१ असिस्टसह देशात अग्रस्थानी राहिलेला पॉइंट गार्ड जेसन रिचर्ड्स हाही डेव्हिडसनचाच होता, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. करी चेंडूविना धावत असे आणि रिचर्ड्स त्याला नेमक्या क्षणी चेंडू देत असे. एकाचा विक्रम दुसऱ्याच्या कार्यावर उभा होता.

मार्च २००८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत दहावे मानांकन असलेल्या डेव्हिडसनने गोंझागा, जॉर्जटाउन व विस्कॉन्सिन या वरच्या मानांकनाच्या संघांना पराभूत केले. या तीन सामन्यांत करीने अनुक्रमे ४०, ३० व ३३ गुण केले. उपांत्य फेरीच्या उंबरठ्यावर कॅन्सासविरुद्ध संघ ५७-५९ असा दोन गुणांनी मागे होता. अखेरच्या क्षणी चेंडू करीकडे होता आणि त्याच्यावर दोन बचावपटू धावून आले. त्याने पद्धतीच्या नियमाप्रमाणे मोकळ्या रिचर्ड्सकडे पास दिला. रिचर्ड्सची फेक चुकली व सामना हातचा गेला. निकाल प्रतिकूल असला तरी निर्णय चुकीचा होता असे म्हणता येत नाही. दोन बचावपटू एकाकडे आले की दुसरा मोकळा होतो, हे या पद्धतीचे मूळ गणित आहे.

या गणिताचा पडताळा २५ नोव्हेंबर २००८ रोजी मिळाला. मेरीलँडमधील लॉयोला संघाने पूर्ण सामन्यात करीवर दोन बचावपटू ठेवले. करी कोपऱ्यात जाऊन उभा राहिला आणि उर्वरित चार खेळाडू तीन बचावपटूंविरुद्ध खेळले. करीला एकही गुण मिळाला नाही, परंतु डेव्हिडसनने सामना ७८-४८ असा जिंकला. देशातील प्रमुख गुणवंत खेळाडूने शून्य गुणांवर राहणे स्वीकारले, यातच अनुरूपतेची खरी कसोटी होती.

पद्धतीतील बदल :

रिचर्ड्स पदवी घेऊन बाहेर पडल्यानंतर २००८-०९ मध्ये करीकडे पॉइंट गार्डची जबाबदारी आली. चेंडूविना धावणारा खेळाडू आता स्वतः चेंडू घेऊन आक्रमण रचू लागला. त्याची सरासरी २८.६ गुणांवर गेली व तो देशात प्रथम आला. त्याचे असिस्टही ५.६ झाले. मात्र थ्री पॉइंटरच्या यशाचे प्रमाण ४३.९ टक्क्यांवरून ३८.७ टक्क्यांवर आले. त्याच हंगामात थ्री पॉइंट रेषा १९ फूट ९ इंचांवरून २० फूट ९ इंचांवर नेण्यात आली होती. त्यामुळे ही घट केवळ भूमिकाबदलाने झाली असा निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही. संघाला मात्र त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळाला नाही. व्यक्तिगत सरासरी वाढली म्हणजे संघ बळकट झाला असे नसते, हे यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, अनुरूपता म्हणजे आज्ञापालन नव्हे. खेळाडूच्या उणिवा झाकून त्याचे बळ वापरात आणणारी पद्धती आणि त्या पद्धतीचे नियम स्वतःचे मानणारा खेळाडू, अशा दोन्ही बाजूंनी ती घडते. दुसरी, ती एकदा साधली की कायम टिकत नाही. एक सहकारी गेला तरी सर्वांच्या भूमिका नव्याने जुळवाव्या लागतात. तिसरी, तिचे मोजमाप केवळ गुणफलकावरून करता येत नाही. करी २००९ मध्ये व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये गेला आणि पुढे जगातील श्रेष्ठ फेकपटू म्हणून मान्यता पावला. तेथेही पास दिल्यावर उभे न राहता पुन्हा धावण्याची त्याची सवय कायम राहिली. खेळाडूची निवड करताना शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांनी त्याची उंची व वजन यांबरोबरच, चेंडू हाती नसताना तो काय करतो, हेही आवर्जून पाहणे गरजेचे आहे.