चांदीचे वीस रुपये आणि कॅनडाची ताई

आमच्या वैजापुरात जुन्या घरातली भांडी हलवली, की एखादा तरी चारमिनारचा रुपया घरंगळत बाहेर येतो. आमच्या घरात मात्र चांदीचे एकदम वीस रुपये निघाले! आई गेल्यावर तिचे पितळी डबे खाली काढले. तळच्या डब्यात, मेथ्यांखाली, खणाच्या तुकड्यात ते बांधलेले होते. "माझ्यामागे जे निघेल ते दोघांनी निम्मे निम्मे घ्या," असे तिने सांगून ठेवलेलेच होते. मी वैजापुरात, ताई कॅनडात. दहा माझे, दहा तिचे. हिशेब सोपा, अडचण एवढीच, की तिचे दहा समुद्रापार पोचवायचे कसे?

मला जी युक्ती सुचली, ती सांगायला आज लाज वाटते. दिवाळीचा फराळ कॅनडाला जायचाच होता. शंकरपाळ्यांच्या डब्यात तळाशी दहा रुपये ठेवले, तर कोण बघतो? ना विमा, ना जकात! आमच्या मंडळींनी त्या हिशेबाने चार मुठी जास्त शंकरपाळ्या तळल्याही. पण गल्लीत एक निवृत्त इतिहासशिक्षक राहतात. सहज म्हणून रुपये त्यांना दाखवायला नेले. गुरुजींनी भिंग काढले, एकेक रुपया उजेडात धरला आणि शांतपणे म्हणाले, "हे डब्यात घातलेत, तर तो फराळ तुम्हाला तुरुंगात खावा लागेल."

मी हबकलोच. मग त्यांनी मला नाणे वाचायला शिकवले. १९४८ पर्यंत वैजापूर निजामाच्या राज्यात होते. इथे हाली सिक्का चाले. शेजारच्या येवल्या-कोपरगावच्या बाजारात इंग्रजांचा कलदार. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. सीमेवरच्या माणसाच्या कनवटीला त्यामुळे दोन्ही असत, आणि आईच्या खणातही दोन्ही होते. तीन रुपये राणीछाप, बाकी सतरा चारमिनारचे. चारमिनारच्या कमानीत बारीक अक्षर असते: 'मीम' असेल तर महबूब अलीखानाचा रुपया, 'ऐन' असेल तर उस्मान अलीखानाचा. जवळच फारसी आकड्यांत हिजरी सन. त्याला ०.९७ ने गुणावे आणि ६२२ मिळवावे, की इसवी सन अदमासे हाती येतो.

या गुणाकारावरच सारे अवलंबून होते. कारण १९७२ चा पुरातन वस्तूंचा कायदा सांगतो, की शंभर वर्षे पुरी झालेले नाणे ही पुरातन वस्तू आहे. ती देशाबाहेर नेण्याचा अधिकार केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या संस्थेला, तुम्हा-आम्हाला नाही. टपालाने धाडा नाहीतर खिशातून न्या, गुन्हा तोच. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत, वर दंड. वस्तू घरची आहे, आईची आहे, ही सबब तिथे चालत नाही. मौज अशी, की ही शंभराची रेघ दरवर्षी एकेक पाऊल पुढे सरकते. आज जे नाणे धाडता येते, ते उद्या येईलच असे नाही.

आम्ही वीसही रुपये ओळीने मांडले. राणीछाप तीन बाद. हिजरी १३२१ ते १३४०, म्हणजे १९०३ ते १९२२ च्या सुमाराचे बारा, तेही बाद. उरले पाच: हिजरी १३६१ नंतरचे, १९४२ च्या पुढचे. तेवढ्यांनाच परदेशाची वाट मोकळी!

त्या पाचांचे वजन पाच तोळ्यांच्या आतच. म्हणजे खर्च वजनाचा नव्हे, विम्याचा आणि तिकडच्या कराचा. साध्या पाकिटात नाणी घालणे जागतिक टपालाच्या नियमांना मंजूर नाही. बहुतेक मोठ्या कुरियर कंपन्या नाणी घेतच नाहीत. विम्याचे पार्सल त्या देशाला जाते का, हे आधी टपालकचेरीत विचारावे. प्रत्येक नाणे वेगळ्या कागदी घडीत, खुळखुळणार नाही असे बसवावे. मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, त्याने नाण्यावर हिरवट चिकटा धरतो. चिंचेने घासून लखलखीत तर मुळीच करू नये, मोल उतरते. जकातीच्या कागदावर खरे नाव आणि खरी किंमत लिहावी. वयाबद्दल शंका असेल, तर पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारावे; निर्णय त्यांचाच अखेरचा.

हे सारे मी ताईला फोनवर सांगितले. सांगताना जीभ अडखळत होती. पंधरा माझ्याकडे आणि पाच तिला, हा कसला निम्मा वाटा? ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "अरे, धाडतोस कशाला? मी येतेच आहे दिवाळीला. पाच मी नेईन, माझे पाच तुझ्याजवळ राहू देत. झाले की दहा!"

ती आली. पाच रुपये, त्यांचे फोटो आणि सनावळीची यादी हातातल्या पिशवीत उघड घेऊन गेली. याहून स्वस्त आणि भरवशाचे टपाल मला अजून सापडलेले नाही.

तिचे उरलेले पाच रुपये त्याच खणाच्या तुकड्यात आहेत. निघण्यापूर्वी तिने स्वतःच गाठ मारली आणि डबा मेथ्यांनी पुन्हा भरला. जाताना दारातून म्हणाली, "मोजून ठेवलेत हं मी!"