सुई न टोचता होणारे निदान

कर्करोगाचा संशय आला की गाठीचा तुकडा काढून तपासायचा, हा सर्वसाधारण नियम आहे. लहान मुलांच्या डोळ्यात होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमात मात्र तो पाळत नाहीत. सुईने डोळ्याचे आवरण भेदले, तर आत अडकलेल्या पेशी बाहेर पसरू शकतात. मग निदान कशावर करायचे? प्रकाशावर.

निरोगी डोळ्यात उजेड गेला की आतल्या रक्तवाहिन्यांमुळे तो लालसर होऊन परततो. पडद्यावर गाठ असेल, तर बाहुली मांजरीच्या डोळ्यासारखी पांढरी चमकते. ही चमक बहुधा आईलाच आधी दिसते, अंधूक उजेडात किंवा फ्लॅशच्या फोटोत. दुसरी खूण तिरळेपणा. ‘मोठं झालं की जाईल’ म्हणत घरोघरी तो सोडून दिला जातो आणि मोलाचे महिने निसटतात.

हैदराबादच्या बंजारा हिल्समधील एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था १९८७ पासून काम करते. डोळ्यांच्या कर्करोगावरील उपचारांसाठी ती देशभर ओळखली जाते. या पांढऱ्या चमकेकडे लोकांचे लक्ष जावे म्हणून संस्था ‘व्हाइटाथॉन’ नावाची दौडही भरवते.

दोन वर्षांचे मूल स्थिर पडून राहत नाही, म्हणून तपासणी भूल देऊन होते. थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि डॉक्टर डोक्यावरच्या दिव्याच्या प्रकाशात दोन्ही डोळ्यांचे पडदे कडेपर्यंत पाहतात. सोनोग्राफीत गाठीतले कॅल्शियमचे कण दिसतात. आजार दृष्टीच्या मज्जातंतूत शिरला आहे का, हे एमआरआय सांगतो. सीटी स्कॅन शक्यतो टाळतात, कारण जन्मजात दोष असलेल्या मुलांना किरणोत्साराने पुढे दुसरा कर्करोग होण्याची भीती असते.

हा दोष तेराव्या गुणसूत्रावरच्या आरबी-१ जनुकात असतो. त्याच्या दोन्ही प्रती बिघडल्या की गाठ होते, हे सूत्र आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये मांडले. एक प्रत जन्मापासून बिघडलेली असेल, तर अनेकदा दोन्ही डोळ्यांना आजार होतो. म्हणून भावंडांचीही तपासणी लागते. डोळा काढावाच लागला, तर त्यानंतर तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात आणि पुढच्या उपचारांची दिशा ठरवतात.

वेळेत निदान झाले, तर बहुतेक मुले वाचतात. प्रगत देशांत ९५ टक्क्यांहून अधिक. पांढरी चमक म्हणजे कर्करोगच असे नाही. मोतीबिंदूमुळे, कधी फोटोच्या कोनामुळेही ती दिसते. पण हे घरी ठरवायचे नाही. चमक एकदाच दिसली किंवा डोळा तिरळा वाटला, तरी त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि ‘बाहुली मोठी करून पडदा तपासा’ असे स्पष्ट सांगा. मुलाची दृष्टी, आणि कदाचित जीवही, या एका आग्रहाने वाचू शकतो.