सहलीचे फोटो: किती मेगापिक्सेल पुरे?



दिवाळी झाली की आपल्या गटांच्या सहली निघतात. गाडी ठरते, चिवडा-लाडवाचे डबे भरतात आणि आदल्या रात्री एक प्रश्न हमखास येतो, "फोटो कुणाच्या मोबाईलवर काढायचे गं?" उत्तर ठरलेलं असतं. जिच्या फोनवर 50 मेगापिक्सेल लिहिलंय, तिच्या. आकडा मोठा म्हणजे फोटो चांगला, असा आपला साधा हिशोब. माझाही तोच होता. तो मला कुठं नडला, ते आधी सांगते.

तीन वर्षांपूर्वी आमचा गट गणपतीपुळ्याला गेला होता. आम्ही चौदा जणी. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्यांना, मी बरोबर नेलं. आमचा भाग दुष्काळी, आत्यांचा जन्म टँकरची वाट बघण्यात गेलेला. पासष्टाव्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा समुद्र बघितला. लुगडं घोट्याच्या वर धरून पाण्यात उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "एवढं पाणी, आन् एक घोट पिता येत न्हाई व्हय?" सगळ्या हसलो. मी लांबूनच सगळ्यांचा फोटो घेतला. त्यात आत्या कडेला, हसताना.

कॅमेरा मी मुद्दाम 50 वर लावला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन म्हणाला, जागा शिल्लक नाही. आता काय करायचं? फोटो ग्रुपवर पाठवलेले होतेच, म्हणून मी पहिल्या दिवसाचे सगळे फोटो फोनमधून काढून टाकले. मनात म्हटलं, ग्रुपवर आहेतच की.

गेल्या वर्षी आत्या गेल्या. भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा म्हणून ग्रुपवरचा तो फोटो घेऊन मी स्टुडिओत गेले. स्टुडिओवाल्या दादांनी आत्यांचा चेहरा मोठा करून दाखवला. नाक कुठं आणि डोळा कुठं, कळेना. ते म्हणाले, "ताई, ओरिजिनल आहे का?" नव्हता. तो माझ्याच हातानं गेला होता.

आता हे असं का झालं, ते समजून घेऊ. त्यासाठी रांगोळी आठवा. पाच ठिपके, पाच ओळी काढल्या तर त्यात एक साधं कमळ बसतं. एकवीस ठिपके, एकवीस ओळी काढल्या की मोर येतो, त्याचा पिसारा येतो. फोटोही असाच ठिपक्यांचा. एकेका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. दहा लाख ठिपके म्हणजे एक मेगापिक्सेल. 12 मेगापिक्सेलच्या फोटोत आडवे 4000 आणि उभे 3000 ठिपके असतात. गुणाकार करा, 1 कोटी 20 लाख होतात. (1975 साली अमेरिकेत कोडॅक कंपनीत स्टीव्ह सॅसन या इंजिनिअरनं पहिला डिजिटल कॅमेरा बनवला, त्यात आडवे शंभर आणि उभे शंभर, एवढेच ठिपके होते. एक फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागायची. तेवढ्यात आपली फोटोतली माणसं उठून चहाला गेली असती!)

मग आपल्याला ठिपके लागतात किती? ते फोटोचं पुढं काय करायचं यावर ठरतं. स्टुडिओत चांगल्या छपाईसाठी एका इंचात 300 ठिपके धरतात. अल्बममधला नेहमीचा फोटो चार बाय सहा इंचाचा. त्याला 1200 गुणिले 1800, म्हणजे साधारण 22 लाख ठिपके पुरतात. सव्वादोन मेगापिक्सेलसुद्धा नाही! आठ बाय दहाच्या फ्रेमला 72 लाख लागतात. बारा बाय अठराचा मोठा फोटो आपण चार पावलं लांबून बघतो, त्यामुळे तिथं इंचाला 200 ठिपके असले तरी चालतं. ते होतात 86 लाख. आणि नुसतं मोबाईलवर किंवा टीव्हीवर बघायचं असेल, तर फुल एचडी टीव्हीच्या पडद्यावर मुळात ठिपकेच 21 लाखांच्या आत असतात. त्याहून जास्त तो दाखवणार कुठून?

म्हणजे सहलीला 12 मेगापिक्सेल भरपूर झाले. गंमत अशी की 50 मेगापिक्सेलचे बहुतेक फोन स्वतःहून 12 चाच फोटो काढतात. 50 चं बटण आपण वेगळं दाबावं लागतं. कंपनीनं असं का केलं असेल? कारण उजेड. कॅमेऱ्याच्या आत प्रकाश टिपणारा तुकडा नखाएवढा असतो. त्यावर पाच कोटी ठिपके बसवायचे, तर एकेक ठिपका किती बारीक होणार! पाऊस पडताना अंगणात बारक्या वाट्या ठेवल्या तर प्रत्येकीत चार थेंब पडतात, तसं. भर उन्हात चालून जातं. पण संध्याकाळी, देवळाच्या मंडपात, गाडीत, त्या वाट्या रिकाम्या राहतात आणि फोटोत वाळू सांडल्यासारखी खरखर दिसते. म्हणून फोन चार वाट्यांचं पाणी एका पातेल्यात ओततो. चार ठिपक्यांचा एक ठिपका करतो. 50 चे साडेबारा होतात, पण फोटो उजळ आणि स्वच्छ येतो. 108 आणि 200 आकड्याच्या फोनचंही असंच आहे. तिथं नऊ किंवा सोळा ठिपके एकत्र येतात आणि गाडी पुन्हा 12 च्या आसपासच थांबते. दुकानात मोठा आकडा बघून दोन-तीन हजार जास्त देणाऱ्या मैत्रिणींनी हे ध्यानात ठेवावं.

आणि जागा. 12 मेगापिक्सेलचा फोटो साधारण 4 एमबीचा होतो, 50 चा सहज 15 एमबीचा. देखाव्याप्रमाणे कमी-जास्त होतं, पण फोनमध्ये 2 जीबी जागा मोकळी असेल तर 12 वर सुमारे 500 फोटो मावतात आणि 50 वर सव्वाशे-दीडशे. चौदा बायका आणि समुद्र, म्हटल्यावर दीडशे फोटो एका दिवसात उडतात. माझे उडालेच.

आता ग्रुपवरच्या फोटोचं बघू. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होऊन जातो. त्याला दोष देऊ नका, कमी रेंजमध्येही पटकन पोचावा म्हणून तशी सोय केलेली आहे. पण पोचतो त्यात साधारण 20 लाख ठिपकेच उरतात. चार बाय सहाला ते चालतात. माझी अडचण अशी की मला सगळा फोटो नको होता, एकट्या आत्या हव्या होत्या. त्यांचा चेहरा फोटोच्या रुंदीच्या आठव्या भागात होता. 1600 चा आठवा भाग 200. ते 200 ठिपके आठ इंचावर ताणले तर इंचाला 25 येतात. त्यात काय दिसणार? मूळ 50 चा फोटो राहिला असता तर इंचाला सव्वाशेच्या पुढं ठिपके मिळाले असते, चेहरा बरा आला असता. हे मी मान्य करते. पण दहा पावलं पुढं जाऊन आत्यांचा एकटीचा, छातीपर्यंतचा फोटो 12 वर घेतला असता, तर तो त्याहूनही चांगला आला असता. मी पाण्यात चप्पल भिजेल म्हणून गेले नाही.

लांबून बोटांनी चित्र जवळ ओढतो ना, तेही काही खरं नाही. बऱ्याच फोनमध्ये फोन फक्त मधला तुकडा कापून मोठा करतो. दुप्पट ओढलं की ठिपके चौथ्या भागावर येतात. त्यापेक्षा चालत जावं.

मग 50 कधी लावायचं? भर उजेडात, हात स्थिर असताना, सगळ्या गटाचा मोठा फोटो घ्यायचा असेल किंवा किल्ल्यावरून दिसणारा सगळा मुलूख टिपायचा असेल तेव्हा. असे चार-पाच फोटो घ्या आणि परत 12 वर या. कॅमेरा उघडल्यावर वरच्या बाजूला तीन रेघा किंवा दातेरी चक्राची खूण असते, तिथं किंवा खालच्या पट्टीत हा आकडा सापडतो. तिथंच 4:3 आणि 16:9 असंही दिसेल. 4:3 ठेवा. 16:9 केलं की बऱ्याच फोनमध्ये फोटो वरून-खालून कापला जातो आणि 12 चे 9 राहतात. घरात लेकाचा जुना डिजिटल कॅमेरा पडून असेल आणि त्यावर 8 किंवा 10 लिहिलं असेल, तर तोही बिनधास्त न्या. फक्त त्यात 3 किंवा 5 असा लहान आकडा लावलेला नाही ना, ते बघा. कार्डात जागा असताना तो आकडा कमी ठेवून काही वाचत नाही.

निघण्यापूर्वी फोनमधले जुने व्हिडिओ आणि सकाळ-संध्याकाळचे शुभेच्छांचे फोटो काढून टाका. जागा त्यांनीच खाल्लेली असते. काच पदरानं पुसा. परत आल्यावर जो फोटो मोठा करावासा वाटतो, तो ग्रुपवर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, तो आहे तसा जातो. आणि मूळ फोटो गटातल्या कुणाच्या तरी मुलाच्या कॉम्प्युटरवर किंवा पेनड्राइव्हवर उतरल्याशिवाय फोनमधून हलवू नका.

आत्यांचा तो फोटो दादांनी शेवटी चार बाय सहातच काढून दिला, सगळ्या चौदा जणींसकट. फडताळात ठेवलाय.

येत्या मंगळवारी गटाच्या बैठकीला फोन घेऊन या. आकडा कुठं असतो ते एकमेकींना दाखवू. येते. नमस्कार.