चीनची अण्वस्त्रवाढ आणि जगाची सुरक्षितता

१६ ऑक्टोबर १९६४ रोजी सिंकियांगमधील लोप नोर येथे चीनने आपला पहिला अणुस्फोट केला. त्यानंतर आठच दिवसांनी डॉ. होमी भाभा आकाशवाणीवरून बोलले. अणुबाँब ही लोक समजतात तेवढी महाग वस्तू नव्हे, असे सांगून त्यांनी दहा किलोटनांच्या स्फोटास साडेसतरा लाख रुपये लागतात, हा आकडा श्रोत्यांपुढे ठेवला. अणुभट्ट्यांचा आणि कारखान्यांचा खर्च त्यात धरलेला नव्हता, ही टीका रास्तच होती. पण शेजाऱ्याच्या घरी बाँब आला की हिशेबाची वही आपल्याही घरी उघडते, हे त्या भाषणावरून दिसून आले.

अण्वस्त्राचा पहिला वापर आपण कधीही, कोणत्याही परिस्थितीत करणार नाही, अशी घोषणा चीनने स्फोटाच्या दिवशीच केली होती. पुढे कित्येक दशके त्याचा साठाही या घोषणेला शोभेल असा बेताचाच राहिला. शत्रूचा आघात सोसूनही प्रत्याघातापुरते काही शिल्लक उरावे, एवढेच त्यामागील धोरण होते.

२०२१ मध्ये हे चित्र पालटले. कान्सू प्रांतातील युमेन आणि सिंकियांगमधील हामी येथील वाळवंटांत क्षेपणास्त्रांसाठी प्रत्येकी शंभराहून अधिक विवरे खणली जात असल्याचे उपग्रहांनी टिपलेल्या छायाचित्रांत आढळले. स्टॉकहोमच्या शांतता-संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे जानेवारी २०२३ मध्ये चीनजवळ ४१० अण्वस्त्रे होती. जानेवारी २०२५ मध्ये ती सुमारे ६०० झाली.

अमेरिका आणि रशिया यांच्याजवळ प्रत्येकी पाच हजारांवर अण्वस्त्रे असताना या सहाशेंची मातब्बरी ती काय, असे कोणी विचारील. प्रश्न वाजवी आहे. परंतु खरी चिंता आकड्यापेक्षा मांडणीची आहे. विवर म्हणजे जमिनीत पक्के रोवलेले लक्ष्य. त्याची जागा शत्रूला ठाऊक असते. तेव्हा शत्रूचे अस्त्र येऊन आदळण्यापूर्वीच आपले सोडून द्यावे, हा मोह राज्यकर्त्यांस होतो, आणि विचाराला उरतात ती मोजकी मिनिटे. सप्टेंबर १९८३ मध्ये सोव्हिएट उपग्रहांनी अमेरिकन क्षेपणास्त्रे निघाल्याची सूचना दिली होती. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने ते यंत्र फसले होते. स्तानिस्लाव पेत्रोव्ह या पाळीवरील अधिकाऱ्याने सूचना खोटी ठरविली, म्हणून पुढचे टळले. प्रत्येक वेळी पाळीवर पेत्रोव्हच असेल, असे कोण सांगणार?

चीनला दोष देऊन मोकळे होणे मात्र न्यायाचे होणार नाही. क्षेपणास्त्ररोधी यंत्रणांवर मर्यादा घालणारा १९७२ चा करार अमेरिकेने २००२ मध्ये सोडला. आपली थोडकी अस्त्रे वाटेतच अडविली जातील, ही धास्ती पेकिंगला तेव्हापासून अधिकच वाटू लागली. एकाची ढाल दुसऱ्याला तलवारीइतकीच भिववते, असा हा पेच आहे.

शिवाय जुने करार दोघांमधले होते. २०१० च्या नव्या स्टार्ट कराराने अमेरिका व रशिया यांनी सज्ज ठेवावयाच्या अस्त्रांवर १५५० ची मर्यादा घातली. त्याची मुदत फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती. चीन या व्यवस्थेबाहेरच राहिला. आधी तुम्ही दोघे खाली या, असे त्याचे म्हणणे. आता अमेरिकेने दोन प्रतिस्पर्ध्यांना पुरतील एवढी अस्त्रे ठेवावयाचे म्हटले, तर रशिया तेवढीच मागणार. आणि ती बेरीज चीन पुन्हा आपल्याविरुद्ध मोजणार.

या साखळीची एक कडी आपल्या दारात आहे. एकाच क्षेपणास्त्रावरून अनेक अण्वस्त्रे निरनिराळ्या लक्ष्यांवर टाकता यावीत, अशा अग्नि-५ ची चाचणी भारताने ११ मार्च २०२४ रोजी केली. पाच हजार किलोमीटरांहून लांबचा तो पल्ला पाकिस्तानसाठी नव्हे, हे उघड आहे. तरी पाकिस्तान भारताकडे पाहूनच आपला हिशेब मांडतो. त्यातही पाकिस्तानशी आपला १९८८ चा एक करार आहे, आणि त्यान्वये उभय देश दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांस देतात. युद्धे झाली तरी हा रिवाज मोडलेला नाही. चीनशी मात्र असा एकही कागद नाही. अण्वस्त्रप्रसारबंदी कराराबाहेरील भारताला अण्वस्त्रधारी राष्ट्र मानून त्याच्याशी या विषयावर बोलावयास बसणे चीनला मान्य नाही.