पुलाचा डेक आणि यंत्राची निवड

मुंबई-गोवा महामार्गाने रत्नागिरी जिल्ह्यात शिरले म्हणजे खेडची जगबुडी, चिपळूणची वाशिष्ठी, संगमेश्वरची शास्त्री, अंजणारीची काजळी आणि राजापूरची अर्जुना अशा नद्या एकामागून एक ओलांडाव्या लागतात. प्रवासी पाण्याकडे पाहतो; ज्या लादीवरून गाडी धावते तिचा विचार सहसा कोणी करीत नाही. तिला कामावरची माणसे डेक म्हणतात. गर्डरांवर सळयांची जाळी बांधून तीवर वीतभर जाडीचे काँक्रीट ओतले की डेक झाला. चाकांचा मार आणि पावसाचे पाणी प्रथम त्यालाच सोसावे लागते. तो कोणत्या यंत्राने घालावा, हा प्रश्न एकट्या कंत्राटदाराचा आहे असे आम्ही मानीत नाही.

कोकणात खरा शत्रू म्हणजे खारा वारा. सळईवरील काँक्रीटच्या पांघरुणास कव्हर म्हणतात. ते पातळ वा सच्छिद्र राहिले की मीठ आणि ओल आत शिरते, लोखंड गंजून फुगते आणि वरचे काँक्रीट पापुद्र्यासारखे सुटते. पणजीचा मांडवीवरील पहिला पूल १९७० च्या सुमारास झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. त्याच्या पोटातील ताण दिलेल्या तारा गंजल्या होत्या. तो दोष डेकच्या घोटाईचा नव्हे हे खरे, परंतु खारी हवा काय करू शकते याचा तो दाखला आहे. म्हणून यंत्र निवडताना कव्हर सर्वत्र सारखे व घट्ट राहील काय, हे आधी विचारावे. वेगाची गोष्ट मागाहून.

रस्त्याच्या काँक्रीटसाठी स्लिपफॉर्म पेव्हर नावाचे अवजड यंत्र वापरतात. ते रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालते, साचा बरोबर ओढीत नेते आणि कमी ओले काँक्रीट दाबून बसविते. सरळ रस्त्यावर त्याला तोड नाही. पण पुलावर सळयांची जाळी आधीच अंथरलेली. तीवरून हा रणगाडा कसा नेणार? दोन्ही कडांना पट्ट्यांपुरती जागा आणि वजन पेलणारा आधार असेल तरच ते जमते. म्हणून पुलासाठी निराळे, हलके यंत्र निघाले. दोन्ही कडांना रूळ, रुळांवर आडवी लोखंडी कैची, आणि कैचीखाली या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरत जाणाऱ्या लाटा. ओढ्यावरील लहान पुलाला मात्र विजेवर थरथरणारी पट्टी आणि चांगले गवंडी पुरतात. तेथे मोठे यंत्र भाड्याने आणणे ही हौस झाली!

अवघडपणा लांबीत नसतो. वळणावर एक कड उंच ठेवावी लागते. कोठे रुंदी बदलते. आणि नदी रस्त्याला तिरपी छेदत असेल तर गर्डर एकमेकांच्या पुढेमागे बसतात. अशा वेळी कैची रस्त्याला काटकोनात धरली तर ओल्या काँक्रीटचे ओझे एका कडेच्या गर्डरवर आधी आणि दुसऱ्या कडेच्या गर्डरवर मागाहून पडते. एक गर्डर वाकलेला, दुसरा अजून सरळ, आणि घोटाई मात्र दोघांवर एकदम! तेथे कैची तिरपी लावता येईल असेच यंत्र हवे. शिवाय काँक्रीट येण्यापूर्वी ते एकदा कोरडे चालवून लाटेपासून सळईपर्यंतचे अंतर जागोजाग मोजले पाहिजे. रूळ ज्या ब्रॅकेटांवर टेकतात ती वजनाने दबतात. कागदावरचे पाच सेंटिमीटर तेथे चार होऊन बसतात.

आता थोडे गणित. डेक १२ मीटर रुंद आणि पाव मीटर जाड धरला, तर एक मीटर लांबीला ३ घनमीटर काँक्रीट लागते. सहा घनमीटरची मिक्सरगाडी दर वीस मिनिटांनी आली तर तासाला सहा मीटर काम होते; तीस मीटरच्या गाळ्याला पंधरा गाड्या आणि पाच तास. यंत्र तासाला पन्नास मीटर चालते म्हणून त्याची जाहिरात करणाऱ्याला, उरलेल्या वेळात ते काय करणार, असे विचारावे. गाडी घाटात अडकली की यंत्र उभे राहते, आधीचा माल आवळतो, आणि त्या सांध्यातून पुढे पाणी झिरपते.

यंत्र आले म्हणजे माणसे गेली, हा समजही अर्धाच खरा. लाटांमागून कडा साधणे, पृष्ठभाग घासणे, ओले गोणपाट पसरणे हे हातांचेच काम आहे. त्यासाठी यंत्रामागे फळ्यांचा फिरता माचा लागतो. आमच्या पाहण्यातील एका कामावर भाडे वाचविण्यासाठी तो आणलाच नव्हता. पोरे ओल्या काँक्रीटमध्ये उतरून काम करीत होती. संध्याकाळी सिमेंटने त्यांच्या पायांची कातडी सोलली होती, आणि पायांखाली दबलेल्या सळया कोठे सरकल्या हे कोणीच पाहिले नाही. माचा आणि रबरी बूट भाड्याच्या करारातच लिहून घ्यावेत, अशी मागणी आम्ही तेव्हापासून प्रत्येक कामावर करतो.

जूनपासून चार महिने पाऊस, म्हणून एप्रिल-मेमध्ये घाई उसळते. त्या उन्हात वाऱ्याने पृष्ठभागाचे पाणी उडून बारीक चिरा पडतात. तेव्हा काँक्रीट रात्रीच ओतावे. आणि रात्रीचे काम म्हटले की दिवे, जादा व्हायब्रेटर आणि दुसरी पाळी यांचा खर्च यंत्राच्या भाड्याबरोबरच धरावा लागतो.