सेवेची वर्षे आणि शाळेतील वर्षे

शिक्षकाची सेवा किती झाली हे सेवापुस्तक सांगते. तो शाळेत किती रुजला हे मात्र ते सांगत नाही. कर्नाटकाने शिक्षकांच्या बदल्यांसाठी २००७ साली आणि पुन्हा २०२० साली कायदा केला. वशिल्याला आळा घालण्यासाठी असे नियम हवेतच. परंतु बंगळूरच्या एकाच वर्गात कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू बोलणारी मुले बसतात. कोणते मूल भाषा न कळल्याने गप्प आहे आणि कोणते उपाशी असल्याने, हे ओळखण्यास त्याच शाळेत काही काळ काढावा लागतो. वीस वर्षे शिकविलेला शिक्षकही नव्या शाळेत प्रथम नवखाच असतो. नुसता मुक्काम लांबल्याने नाते जुळते असेही नव्हे. तथापि मुक्कामावाचून ते जुळत नाही. म्हणून श्रोतेहो, बदलीचा हुकूम काढताना आम्हां अधिकाऱ्यांनी सेवेच्या वर्षांबरोबर शाळेतील वर्षेही मोजली पाहिजेत.