मूळ कुठले?

राहायला कुठं, असं पेठेतल्या कुणी विचारलं की मी सांगतो, "कॅम्पात." मग पुढचा प्रश्न ठरलेला, "आणि मूळ कुठले?" चार पिढ्या इथंच गेल्या म्हटलं, तरी समोरच्याचं समाधान होत नाही. म्हणून मीच एकदा या ‘कॅम्प’चं मूळ शोधायला बसलो.

इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून आला. त्याचं मूळ लॅटिन ‘कॅम्पस’, म्हणजे साधं मोकळं मैदान. मैदानात फौज उतरली, तंबू ठोकले, की झाला कॅम्प. मैदानात झुंजणारा तो चॅम्पियन. कॉलेजच्या आवाराला कॅम्पस म्हणायची चाल मात्र फार पुढची, अमेरिकेतली.

आपल्याकडे १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, पेशवाई बुडाली आणि शहराच्या पूर्वेला इंग्रजांचा तळ पडला. तळ म्हणजे आज ना उद्या उठणारा. पण फौजेमागून शिंपी, खाटीक, भिश्ती, पाववाले आले, आणि तळ काही उठला नाही. पुणेकर त्याला ‘लष्कर’ म्हणू लागले. हा शब्द फारसी. पोलीस ठाण्याचं नाव अजून तेच आहे.

१८९७ च्या प्लेगात मात्र पुण्यानं ‘कॅम्प’चा धसका घेतला. माणसांना घरातून काढून विलगीकरणाच्या कॅम्पात नेत. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचे कॅम्प उभे राहिले. पिंपरी कॅम्प आपल्या शेजारीच. उल्हासनगरात तर आजही पत्त्यावर कॅम्प नंबर लिहितात. निर्वासितपण केव्हाच संपलं, कॅम्प तेवढा राहिला.

मागे एका कविसंमेलनात निवेदकांनी माझी ओळख करून दिली, "मातृभाषा उर्दू असूनही हे मराठीत लिहितात." खरं तर घरात आम्ही दखनी बोलतो, हिशेब, भांडण आणि कविता मराठीत. पण ते असो. ‘उर्दू’ हा मूळचा तुर्की शब्द, आणि त्याचा अर्थ काय, तर लष्कराचा तळ! इंग्रजीत झुंडीला ‘होर्ड’ म्हणतात, तोही त्याच घरातला. पुढे दिल्लीच्या बादशाही शहरालाच ‘उर्दू-ए-मुअल्ला’ म्हणू लागले. म्हणजे तिथंही तळाचं शहर झालं होतं.

मी माईकवर एवढंच म्हणालो, "उर्दू म्हणजे कॅम्प. तेव्हा निवेदकांचं बरोबर आहे, मी कॅम्पातलाच." लोक हसले, टाळ्याही पडल्या. नंतर चहाच्या वेळी एक गृहस्थ जवळ आले. कविता आवडली म्हणाले. आणि मग, "तुम्ही मूळ कुठले?"